द्राक्षावरचा पांढरा थर: औषध, की द्राक्षाचाच?

फेब्रुवारी लागला की नाशिकजवळ ओझर-पिंपळगावच्या बाजूला हायवेच्या कडेने द्राक्षांची दुकानं मांडली जातात आणि तिथं एक संवाद हमखास ऐकू येतो. गिऱ्हाईक घड उचलतं, मण्यांवरचा पांढरट थर बघतं आणि म्हणतं, "केवढं औषध मारलंय!" विकणारी म्हणते, "औषध नाही ओ ताई, माल ताजा आहे." बहुतेक वेळा तिचंच खरं असतं. पण फवारणीचे डागही मण्यांवर राहतात, तेही पांढरेच, आणि घोळ तिथेच होतो.

आधी द्राक्षाचा स्वतःचा थर. तो मेणाचा असतो, फळाच्या सालीतूनच तयार होतो आणि त्यात मोठा वाटा ओलिअ‍ॅनोलिक आम्लाचा असतो. हे मेण रंगाच्या हातासारखं सपाट बसत नाही. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर वेडेवाकडे रचलेले असतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि मणी धुरकट दिसतो. काळ्या द्राक्षांवर तर निळसर झाक येते. मण्यावरून अंगठा फिरवा, पापुद्रे निघतात, दबतात आणि तेवढाच पट्टा चकचकीत होतो. म्हणून निर्यातीच्या बागेत घड देठाला धरून कापतात, मण्यांना बोट लागू देत नाहीत. पुसलेला मणी म्हणजे बराच हाताळलेला माल. आपण नाक मुरडतो तो थरच खरं तर ताजेपणाची खूण आहे.

मेणाचं मुख्य काम आतलं पाणी आत ठेवणं. किती चोख, ते बेदाणा करणाऱ्यांना विचारा. सुकवण्याआधी ते द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. त्यानं मेणाची रचना विस्कटते, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि शेडमधल्या जाळ्यांवर साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. तशीच सुकवली तर कितीतरी जास्त दिवस लागतात आणि रंगही काळपट येतो.

आता फवारणीचा डाग. तो सगळीकडे सारखा नसतो. थेंब जिथं सुकला तिथं ठिपका, कधी कडा ठळक असलेलं वर्तुळ. मण्याच्या खालच्या टोकाला तो हमखास सापडतो, कारण थेंब तिथंच लोंबकळून वाळतो. देठावरही बघा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण असेल तर निळसर छटा असते. अर्थात घडात गोडी भरू लागली की डाग पाडणारी पावडर शेतकरी स्वतःच टाळतो, डागाळलेल्या मालाला भाव कोण देणार? (तिसरा पांढरा प्रकार भुरी. ती बुरशी, राख टाकल्यासारखी दिसते, मणी तडकतात. असा घड घ्यायचाच नाही.)

एवढं ओळखता आलं तरी औषधाचा प्रश्न सुटत नाही, कारण काळजी करावी असे अंश बहुधा दिसतच नाहीत. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. तेव्हा तिथली मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. एवढासा अंश डोळ्यांना दिसणं शक्य नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. चकचकीत मणी म्हणजे स्वच्छ मणी, हे समीकरण मला म्हणूनच पटत नाही.

मग धुवायचं कसं? 2017 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर दोन कीडनाशकांचे सालीवरचे अंश निघून गेले, सालीत मुरलेले मात्र राहिले. द्राक्षांवरचा तो प्रयोग नव्हता, पण लिटरभर पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे सोडा घालून घड बुडवून ठेवायला, मग वाहत्या पाण्याखाली धुवायला काहीच हरकत नाही. मेणाचा थर त्यानंतरही थोडाफार दिसेल, तो घासत बसू नका. आणि धुणं खायच्या आधी, फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वी नाही. ओला घड देठापाशी लवकर सडतो.