सलामी स्वीकारणं वेगळं, सॅल्यूट परत करणं वेगळं

बेळगावात १५ ऑगस्टच्या मुख्य ध्वजवंदनाला पालकमंत्री येतात. झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं, उघड्या जीपमधून पथकांची पाहणी होते आणि मग संचलन सुरू होतं. पोलीस, होमगार्ड, एनसीसीची पथकं मंचाकडे माना वळवून पुढे सरकतात, तेव्हा मंत्री हात कपाळाशी नेऊन उभे असतात. कार्यक्रम संपवून ते गाडीकडे निघतात. दाराशी उभा असलेला हवालदार टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकतो आणि मंत्र्यांचा हात पुन्हा कपाळाशी जातो.

पाहणाऱ्याला वाटतं, दोन्ही वेळा एकच घडलं. पण मंचावर त्यांनी सलामी स्वीकारली आणि गाडीपाशी सॅल्यूट परत केला. पहिल्याला नियमाचा आधार आहे. दुसऱ्याला तसा आधार नाही, आणि नागरी पदावरच्या माणसाने तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी सैन्यातली रीत पाहू. आपल्या भागात ती समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि खानापूर, निपाणीपासून चंदगड, गडहिंग्लजपर्यंत फौजेत गेलेला माणूस बहुतेक गावांत सापडतो. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा. सॅल्यूट आधी कनिष्ठाने करायचा आणि वरिष्ठाने तो परत द्यायचाच. वरिष्ठाच्या मर्जीचा तिथे प्रश्न नसतो. समोरचा अधिकारी आवडतो की नाही, हेही गौण. मान त्याच्या कमिशनला, म्हणजे अधिकारी म्हणून झालेल्या नेमणुकीला असतो, आणि ते कमिशन राष्ट्रपतींकडून आलेलं असतं. दोघेही एकाच शिस्तीने बांधलेले, दोघांच्याही अंगावर वर्दी. म्हणून तो सॅल्यूट जातो आणि परत येतो.

यातली एक बारीक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. डोक्यावर बेरेट, टोपी किंवा पगडी नसेल तर आपल्या लष्करातला जवान हाताने सॅल्यूट करत नाही. तो सावधान उभा राहतो आणि ‘जय हिंद’ म्हणतो. पुष्कळ पलटणींत ‘राम राम साब’ही चालतं. वर्दीतला माणूससुद्धा उघड्या डोक्याने हात उचलत नसेल, तर सदरा-जाकिटातल्या नेत्याने उचलावा कशासाठी?

आता मंचावरची सलामी. सेंटरमधल्या कसम परेडला, म्हणजे नवे जवान शपथ घेतात त्या संचलनात, ‘दाहिने देख’चा हुकूम सुटतो आणि शेकडो माना एका झटक्यात वळतात, तेव्हा मंचावरचा अधिकारी एकेका जवानाला उत्तर देत नसतो. तो संस्थेच्या वतीने मानवंदना घेत असतो. नागरी समारंभात ही जागा राष्ट्रपतींना, राज्यपालांना, पंतप्रधानांना किंवा मंत्र्यांना मिळते. २००२ च्या ध्वजसंहितेत याची स्पष्ट सोय आहे. ध्वज फडकवताना, उतरवताना किंवा संचलनात समोरून नेला जात असताना सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहावं, गणवेशातल्यांनी सॅल्यूट करावा, आणि सलामी घेणारी मान्यवर व्यक्ती उघड्या डोक्यानेही ती घेऊ शकते, असं ती सांगते. म्हणून मंचावर पालकमंत्र्यांचा हात कपाळाशी गेला तर त्यात काही वावगं नाही. मात्र त्यांच्या शेजारी उभे असलेले आमदार, नगरसेवक आणि इतर पाहुणे साध्या कपड्यांत असतील, तर त्यांनी फक्त सावधान उभं राहायचं असतं.

हा फरक न कळल्यामुळे २०१५ मध्ये देशभर नको तो वाद झाला. त्या वर्षी २६ जानेवारीला राजपथावर राष्ट्रपती प्रणव मुखर्जी सलामी घेत होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीही हात कपाळाशी नेला होता. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी मात्र हात खाली ठेवून सावधान उभे होते. तो फोटो फिरला आणि लोकांनी त्यांच्या देशभक्तीवरच शंका घेतली. त्यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला: सलामी सर्वोच्च सेनापती या नात्याने राष्ट्रपती घेतात, साध्या वेशातल्या इतरांनी सावधान राहायचं असतं, आणि उपराष्ट्रपती स्वतः प्रमुख पाहुणे असतात तेव्हा ते डोक्यावर टोपी घालून सॅल्यूट करतातच. ज्याने रीत पाळली त्यालाच जाब विचारला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

नागरी नेत्याने सॅल्यूट परत करण्याची सवय जगाला ठळकपणे दिसली ती अमेरिकेत. तिथला राष्ट्राध्यक्ष सेनादलांचा सरसेनापती असतो, पण सैनिकाचा सॅल्यूट हाताने परत करावा असं कोणताही नियम त्याला सांगत नाही. ही पद्धत १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी रुळवली. साध्या कपड्यांत सॅल्यूट परत करू नये असं त्यांना सांगितलं जात होतं, पण त्यांना ते खटकत होतं. मरीन कोर या अमेरिकी सेनादलाचे प्रमुख जनरल रॉबर्ट बॅरो यांना त्यांनी विचारलं. तुम्ही सरसेनापती आहात, हवा त्याला सॅल्यूट करा, अशा आशयाचं उत्तर मिळालं. पुढे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाकडून तीच अपेक्षा होऊ लागली. बिल क्लिंटन यांच्या ढिल्या सॅल्यूटवर टीका झाली. २०१४ मध्ये बराक ओबामा हातात कॉफीचा पेला असताना तोच हात कपाळाशी घेऊन गेले, त्यावर तर दिवसेंदिवस चर्चा चालली. २०१८ मध्ये सिंगापुरात उत्तर कोरियाच्या संरक्षणमंत्र्याने, म्हणजे वर्दीतल्या जनरलने, सॅल्यूट केला आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी तो परत केला. ज्या राजवटीशी अमेरिकेचं युद्ध अजून कागदोपत्री मिटलेलं नाही, तिच्या सेनानीला राष्ट्राध्यक्षाने सॅल्यूट केला, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला. कपाळाशी गेलेला हात ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे वाचला जातो, तो असा.

आता माझ्या मताचं कारण. आपल्या राज्यघटनेच्या कलम ५३ (२) नुसार संरक्षण दलांची सर्वोच्च सत्ता राष्ट्रपतींकडे आहे आणि तिचा वापर कायद्याने होतो. म्हणजे लोकांनी निवडलेल्या नागरी सत्तेच्या हुकमात फौज राहते. जवान मंत्र्याला सॅल्यूट करतो तेव्हा हेच नातं तो मान्य करत असतो: तुम्ही वर्दीतले नाही आणि तरी मी तुमचं ऐकतो. या नात्यातली मोलाची गोष्ट हीच की समोरचा माणूस सैनिक नाही. नेत्याने सैनिकासारखा हात उचलला की तो नकळत स्वतःला त्या वर्दीच्या रांगेत नेऊन उभा करतो. ती रांग त्याची नाही. तिथे उभं राहायला जवानाने भरती, प्रशिक्षण आणि कसम या सगळ्याची किंमत मोजलेली असते. ते श्रेय फुकट घेऊ नये.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खरा आहे. समोरचा पोरगा हात उचलून उभा आहे आणि साहेब सरळ निघून गेले, हे बरं दिसतं का? अजिबात नाही. फोन कानाला लावून, त्याच्याकडे न बघता गाडीत बसणारा नेता सॅल्यूटचा खरा अपमान करतो. पण उत्तर देणं म्हणजे हात कपाळाशी नेणंच नव्हे. क्षणभर थांबावं, सरळ उभं राहावं, त्याच्या डोळ्यांत बघावं, मान हलवून ‘जय हिंद’ म्हणावं किंवा हात जोडावेत. आपल्याकडे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला निवृत्त फौजी आत येणाऱ्या ओळखीच्या माणसाला हात उचलतो, तेव्हा आपण ‘राम राम’ म्हणतो, आणि त्याला ते पोचतं. मंत्र्यांना हे जमू नये असं काय आहे?

सगळ्यात जपायची जागा म्हणजे हुतात्मा जवानाचा अंत्यविधी. सीमाभागातल्या किती तरी गावांनी तो पाहिला आहे. तिथे ‘सलामी शस्त्र’, ‘शोक शस्त्र’चे हुकूम होतात, बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून वाजते, हवेत फैरी झडतात. त्यातली हरेक कृती त्याच्या साथीदारांची असते. नेत्याचं काम तिथे पुष्पचक्र वाहणं, एक पाऊल मागे येऊन हात जोडून किंवा मान खाली घालून उभं राहणं आणि मग त्या घरच्या माणसांपाशी जाणं. कॅमेरा आहे म्हणून कुणी हात कपाळाशी नेला तर मला ते खुपतं. शेवटचा सॅल्यूट त्याच्या पलटणीचा असतो. तो तिलाच करू द्यावा.

राहिला प्रश्न फौजेतून निवृत्त होऊन निवडून आलेल्यांचा. आपल्याकडे सुभेदार किंवा हवालदार म्हणून परतलेली माणसं ग्रामपंचायतीवर जातात, काही अध्यक्षही होतात. त्यांना सॅल्यूट येतो, हात सवयीने उठतो आणि ते समजण्यासारखं आहे. तरी पदावर असताना त्यांनीही नागरिकासारखंच उत्तर द्यावं असं मी म्हणेन. ड्वाइट आयझनहॉवर दुसऱ्या महायुद्धातले पंचतारांकित जनरल होते, युरोपातल्या दोस्तसेनांचे सरसेनापती होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र साध्या वेशात ते सैनिकांचा सॅल्यूट हाताने परत करत नसत. त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल, पण आता आपण नागरी पदावर आहोत हे त्यांनी मानलं होतं.