वकट, लेंड, मुंड: सुट्टीतल्या खेळांची पार्श्वभूमी

विटीला टोला बसला की ती जिथे पडली तिथून गल्लीपर्यंतचं, म्हणजे जमिनीतल्या खाचेपर्यंतचं, अंतर दांडूने मोजायचं. मोजताना एक, दोन, तीन म्हणायचं नाही. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झक्कू असं म्हणायचं. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावरून पुढची विटी कशी मारायची ते ठरतं: पायावरून, मुठीवरून की डोळ्यावर ठेवून. गावागणिक शब्द थोडे बदलतात, पण पहिले चार बहुतेक ठिकाणी तेच. आता तेलुगू आकडे ऐका: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. हे साम्य भाषेच्या अभ्यासकांनी केव्हाच टिपून ठेवलंय. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट. हे आकडे कुठल्या पंतोजींनी शिकवले नाहीत की कुठल्या पाठ्यपुस्तकात छापून आले नाहीत. दहा वर्षांच्या पोराने आठ वर्षांच्या पोराला सांगितले, आणि दख्खनच्या भाषांचा जुना शेजार असा पोरांच्या तोंडी टिकून राहिला.

खेळ किती जुने, याची खूण संतवाङ्मयात सापडते. सतराव्या शतकातल्या तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, हुतुतू, हमामा, फुगडी या खेळांवर अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडांतही फुगडी आणि हमामा येतात. ऐकणाऱ्याला खेळ ठाऊक असल्याशिवाय त्याचं रूपक लागत नाही. म्हणजे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाने लहानपणी यातलं काहीतरी खेळलेलं असणार, हे धरूनच ही रचना झाली.

मे महिन्याची सुट्टी मात्र खेळांच्या मानाने अगदी अलीकडची. पंतोजींच्या शाळेला सणवार आणि अनध्यायाच्या, म्हणजे पाठ न घेण्याच्या, तिथी सुटी असायची. सलग कित्येक आठवडे शाळा बंद, ही पद्धत इंग्रजी अमदानीत रुळली. १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं उभं राहिलं आणि वर्ग, परीक्षा, निकाल, सुट्टी असं वर्षाचं चक्र हळूहळू गावोगाव पोचलं. आजही राज्यातल्या शाळांना वर्षभरात रविवार सोडून सगळ्या मिळून ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे, आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्याचा. स्वातंत्र्यानंतर या सुट्टीला चाकं मिळाली. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, मग पुढच्या काही दशकांत गाड्या आडगावापर्यंत गेल्या. शहरातली पोरं मामाकडे, आत्याकडे महिनाभर राहायला जाऊ लागली. चुलत, मामे, आते, मावस अशी दहा-बारा भावंडं एका अंगणात जमायची. तिथे मुंबईचा खेळ साताऱ्याला जायचा आणि साताऱ्याचा नियम मुंबईला यायचा.

त्या दिवसाची घडी उन्हानेच लावलेली असे. दुपारी बाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून दुपार बैठ्या खेळांची. सागरगोटे हे खरं तर गजग्याच्या काटेरी झुडपाचं बी. राखाडी, गुळगुळीत, दगडासारखं टणक. फरशीवर घासलं की इतकं तापतं की शेजारच्याच्या दंडाला हळूच लावून चटका द्यायचा, ही आणखी वेगळी मजा. काचापाणीला तर फुटक्या बांगड्यांचे तुकडे पुरत. खडूने रिंगण आखायचं, तुकडे आत टाकायचे आणि दुसऱ्या तुकड्याला धक्का न लागता एकेक बोटाने बाहेर ओढून काढायचा. ऊन उतरलं की लगोरी, डबा ऐसपैस, ठिकरी, आट्यापाट्या. झाड असेल तर सूरपारंब्या: टांगेखालून काठी लांब फेकायची, ज्याच्यावर राज्य तो ती आणेपर्यंत बाकीचे फांद्यांवर. पैसा लागायचा नाही आणि मोठं माणूसही लागायचं नाही.

मोठं माणूस नसण्याचं महत्त्व मला फार वाटतं. राज्य कोणावर, हे पोरंच सुटून ठरवत. आउट झालो की नाही यावर भांडण व्हायचं, पण ते भांडण मिटवल्याशिवाय डाव पुढे सरकत नसे, म्हणून मिटायचंच. आणि चार-पाच वर्षांचं शेंडेफळ मागे लागलं तर त्याला लिंबू-टिंबू करून घ्यायचं. तो पळणार, ओरडणार, सगळ्यांबरोबर असणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. एखाद्या लहानग्याला सामावून घेण्याचा इतका देखणा नियम मुलांनी स्वतःच घडवला, आणि आपल्याला तो साधा नियम म्हणूनही आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्यांनी या खेळांकडे गंभीरपणे पाहिलं. क्रिकेट-टेनिसच्या मैदानांपुढे देशी खेळ मागे पडतात ही खंत होती आणि त्यामागे राष्ट्रीय चळवळीचं वारं होतं. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला, आणि १९१४ मध्ये तिथे खो-खोचे नियम लिहिले गेले. बडोद्यात हुतुतूच्या नियमांवर काम झालं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. हुतुतू कबड्डी म्हणून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत भरला, आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, याचा अभिमान आहेच. त्या पिढीने नियम लिहिले नसते तर हे खेळ इथवर पोचले नसते.

पण नियमावलीत शिरलेल्या खेळाला मोजलेलं मैदान लागतं, पंच लागतो, ठरलेले गडी लागतात. आठ जण बसणार, एक पाठलाग करणार. सहाच जण जमले तर काय, याचं उत्तर पुस्तकात नसतं. लिंबू-टिंबूला तर त्यात जागाच नाही. आणि ज्या खेळांची नियमावली झाली नाही किंवा झाली तरी लोकप्रिय राहिली नाही, त्यांचं जगणं पूर्णपणे पोरांच्या मोकळ्या वेळावरच अवलंबून राहिलं.

याच काळात दुसरी एक वाट निघाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं. पोरं ज्याच्याशी खेळतात त्याच्यातूनच शिकतात, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर करून दाखवलं.

मग जागा गेली. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे पाडले, उरलेल्यांतले कितीतरी पुढे फ्लॅटसाठी पाडले गेले. मुंबईत चाळींच्या जागी टॉवर आले. चौक आणि अंगण यांच्या जागी पार्किंग आलं. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण त्याने सुट्टी खाल्ली असं मी म्हणणार नाही. तेव्हा कार्यक्रम असत मूठभर. वेळ खरा खाल्ला तो नंतरच्या छंदवर्गांनी, शिबिरांनी, आगाऊ शिकवण्यांनी आणि शेवटी मोबाइलने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलंय, आणि मुलांच्या खेळण्याच्या हक्काचा कलम ३१ मध्ये उल्लेख करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. कागदावर काही कमी नाही.

दिवाळीच्या सुट्टीतला किल्ला हा मोकळ्या खेळाचा शेवटचा मोठा गड असावा. पोती आणि विटांवर माती थापायची, गेरूचं पाणी, हळीव पेरून चार दिवसांत कोवळं रान, वर मावळे आणि सिंहासन. तिथेही आता तयार किल्ले विकत मिळतात आणि काही आयाबाया मातीने हात खराब होतात म्हणून तेच आणतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शिबिरं संपलेली पाच-सहा पोरं कंटाळून बसली होती. कोपऱ्यात फरशीचे तुटके तुकडे पडले होते. त्यातली एक मुलगी मला विचारायला आली, "काकू, लगोरीला दगड किती लागतात?" मी म्हटलं, सात. त्यांना रचता येतील असे पाचच मिळाले होते. थोडी वादावादी झाली, आणि पाचांवर डाव सुरू झाला.