शेवटचा बदल का हरतो?

नेटवर्क सांभाळायला शिकणाऱ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील, म्हणजे कंपनीचे वापरकर्ते आणि संगणक यांची माहिती ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतील, एकच नोंद दोन ठिकाणी बदलली गेली, तर कोणता बदल टिकतो? ‘जो नंतर झाला तो’, असे बहुतेक जण बेधडक सांगतात. या समजुतीचे मूळ लॉग-इनमध्ये असावे. तेथे वापरल्या जाणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीत संगणकाचे घड्याळ पाच मिनिटांहून अधिक मागे-पुढे असेल, तर सहसा प्रवेश नाकारला जातो; त्यामुळे डिरेक्टरीचा सगळाच कारभार घड्याळावर चालतो, असे वाटू लागते.

समजा, एका कंपनीचा एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे या डिरेक्टरीची प्रत ठेवणारा सर्व्हर, पुण्यात आणि दुसरा नागपुरात आहे, आणि दोहोंमधील लाइन बंद पडली आहे. एका कर्मचाऱ्याचा फोन नंबर नागपुरात सकाळी दोनदा बदलला गेला, पुण्यात दुपारी एकदाच. लाइन सुरू झाल्यावर टिकतो तो नागपूरचा नंबर. कारण नोंदीतील प्रत्येक रकान्याला आवृत्तीचा क्रमांक असतो, तो प्रत्येक बदलागणिक एकाने वाढतो आणि मोठा क्रमांक जिंकतो. क्रमांक सारखे निघाले तरच वेळ पाहिली जाते, आणि वेळही सारखी निघाली तर बदल करणाऱ्या सर्व्हरच्या ओळख-क्रमांकावरून निकाल लागतो.

याहून सुंदर आहे ती बदल पोहोचवण्याची रीत. प्रत्येक कंट्रोलर स्वतःपुरता एक चढता आकडा ठेवतो, त्याला यूएसएन (अपडेट सिक्वेन्स नंबर) म्हणतात. प्रत्येक लेखनाला पुढचा आकडा मिळतो, आणि शेजारी, म्हणजे दुसरा कंट्रोलर, फक्त एवढेच लक्षात ठेवतो की पुण्याचे बदल आपण 5000 पर्यंत घेतले आहेत. पुढच्या खेपेस तो 5000 नंतरचेच मागतो. सगळी भिस्त आकडा कधीही मागे न जाण्यावर आहे.

आता पुण्याचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक, आहे आणि कोणी त्याचा जुना स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची जतन केलेली स्थिती, परत चढवला, असे समजा. आकडा 4000 वर आला. नव्या कर्मचाऱ्याचे खाते उघडले, त्याला 4001 मिळाला. नागपूर 5000 च्या पुढचे मागते, म्हणून हे खाते तेथे जात नाही: तो माणूस पुण्यात लॉग-इन करतो, नागपूरचा सर्व्हर त्याला ओळखतही नाही. शेजाऱ्याकडचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला, तर पुण्याचा कंट्रोलर आपल्या इव्हेंट लॉगमध्ये 2095 क्रमांकाची नोंद करून देवाणघेवाण थांबवतो. पण तोवर त्याचा आकडा 5000 ओलांडून गेला असेल, तर गडबड कोणालाच कळत नाही.

सर्व्हरच्या खोलीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना आपण हसतो, मात्र ‘स्नॅपशॉट आहे, म्हणजे बॅकअप आहे’ हा मंत्र तितक्याच श्रद्धेने जपला जातो. रीतसर बॅकअपमधून परत आणलेला कंट्रोलर आपल्या डेटाबेसची ओळख, म्हणजे इन्व्होकेशन आयडी, बदलतो. त्यामुळे शेजारी त्याला नवा स्रोत मानून त्याची मोजणी वेगळी सुरू करतात. स्नॅपशॉटच्या बाबतीत ही सोय विंडोज सर्व्हर 2012 पासून आली, आणि तीही व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली स्नॅपशॉट परत चढवला की बदलणारा, यंत्राची पिढी ओळखणारा क्रमांक पुरवत असेल तरच चालते.