गुरगुरणारा पॉमेरेनियन आणि ‘म्होरक्या’चा गैरसमज

घरातला पॉमेरेनियन लहान मुलांवर गुरगुरू लागला की तो स्वतःला म्होरक्या समजतो आहे, त्याला उताणा पाडून त्याची पायरी दाखवा, असा सल्ला हमखास मिळतो. या समजुतीचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. ती कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये दाखवून दिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, सत्तेचा आखाडा नव्हे. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, हे वेगळेच.

रांगते मूल सोफ्याखाली हात घालते, तेव्हा कुत्रा आधी ताठरतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. हे कोणी पाहिले नाही, की बहुधा तो गुरगुरतो. त्या गुरगुरण्याला शिक्षा केल्यास भीती तशीच राहते, इशारा मात्र बंद होऊ शकतो आणि पुढच्या वेळी थेट चावा बसू शकतो. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकणे किंवा दातदुखी ही कारणेही आढळत असल्याने पशुवैद्यकाची तपासणी आधी करावी. मुलाला त्याच्यापाशी एकटे सोडू नये, त्याच्या जेवणाची व झोपेची जागा जाळीच्या फाटकाआड ठेवावी. चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरीही.