रॅम आहे, पण तिला पत्ताच नाही

"४ जीबी रॅम बसवली, पण संगणक म्हणतो वापरण्याजोगी ३.२५ जीबीच. पट्टी सदोष निघाली का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. विचारणाऱ्याने तोवर विक्रेत्याला दोषी ठरवलेलं असतं. पण आकडा नेमका ३ ते ३.५ जीबीच्या आसपास अडला असेल, तर रॅम बहुधा धडधाकट असते. कमी पडतात ते पत्ते.

प्रोसेसर रॅमला ओळखतो तो क्रमांकाने. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. "अमुक क्रमांकावरचं दे" किंवा "तमुक क्रमांकावर हे ठेव", एवढंच प्रोसेसर सांगू शकतो. हा क्रमांक ० आणि १ यांनी बनतो, आणि त्यात एक बिट (म्हणजे असा एक ० किंवा १) वाढला की पत्ते दुप्पट होतात. १० बिटांत १०२४ पत्ते, २० बिटांत साडेदहा लाखांच्या आसपास, ३० बिटांत १ जीबी, आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे बरोबर ४ जीबी. ३२-बिट व्यवस्थेची हद्द इथे संपते.

मग ४ जीबी रॅम तरी पुरती दिसायला हवी ना? या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथेच आहे. हे पत्ते एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. पडद्यावर ठिपका उमटवायचा असो की नेटवर्क कार्डाला काम सांगायचं असो, प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर लिहितो, आणि मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य पाटीवरची) यंत्रणा ते रॅमकडे न नेता त्या कार्डाकडे वळवते. प्रोसेसरला यातला फरक कळतही नाही. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांची अशी पत्त्यांची खिडकी २५६ एमबीची असते. शिवाय बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) चिप आणि इतर उपकरणं असतातच. या सगळ्यांना जागा मिळते ४ जीबीच्या हद्दीच्या लगेच खाली. त्या पत्त्यांमागे रॅमचा जो भाग यायला हवा होता, तो बोर्डावर असतो, त्याला वीजही मिळते, पण त्याला हाक मारायला क्रमांक उरत नाही. उपकरणं बदलली की हा आकडाही बदलतो, म्हणून कुणाला ३.२५ दिसतं तर कुणाला ३.५.

उपकरणांना वरचं टोकच का? एक कारण फार सुंदर आहे. ३२-बिट प्रोसेसर सुरू होताच पहिली आज्ञा वाचतो ती ४,२९,४९,६७,२८० या पत्त्यावरून, हद्दीच्या जेमतेम १६ बाइट अलीकडून. त्या क्षणी रॅम कोरी असते, म्हणून तिथे बायॉसची चिपच लागते. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरलाही पत्त्यासाठी २० बिट होते, हद्द १ एमबी, आणि त्याची सुरुवातही हद्दीच्या १६ बाइट अलीकडूनच व्हायची. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्या १ एमबीपैकी ६४० केबी प्रोग्रॅमना मिळाले आणि वरचे ३८४ केबी उपकरणांना गेले. तोच पेच पुढे ४ जीबीला उभा राहिला.

उपाय असा, की झाकल्या गेलेल्या रॅमला ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते द्यायचे. याला मेमरी रीमॅप म्हणतात. त्यासाठी चिपसेटची (मदरबोर्डवरच्या वाहतूक सांभाळणाऱ्या चिपांची) तयारी हवी, बायॉसमध्ये ती सोय चालू हवी आणि पलीकडचे पत्ते मोजणारी ऑपरेटिंग सिस्टिम हवी. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई नावाची युक्ती आली. तिच्यामुळे भौतिक पत्ता ३६ बिटांचा झाला आणि हद्द ६४ जीबीवर गेली. ३२-बिट लिनक्सने तिचा लाभ दिला. घरगुती ३२-बिट विंडोजने मात्र ४ जीबीपुढचे पत्ते बंदच ठेवले, कारण कित्येक ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) ते पाहून कोलमडत होते.

तुमच्या संगणकात नेमकं काय झालंय हे शोधताना आधी बायॉस किती रॅम दाखवतो ते पाहा. तिथेच नेमकी अर्धी दिसत असेल तर विंडोज निर्दोष आहे. संगणक बंद करून वायर काढा, पट्ट्या काढून घट्ट बसवा, मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये तपासा. पट्टी आणि स्लॉट दोन्ही ठीक असतील तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिनही कारण असू शकते.

बायॉसमध्ये पुरती आणि विंडोजमध्ये कमी, असं असेल तर सिस्टिम ३२-बिट आहे का ते बघा. आवृत्तीची मर्यादाही बघा: ६४-बिट विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबते, होम प्रीमियम १६ वर. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर तेही रॅममधून आपला वाटा उचलतं. तो दोष नव्हे. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण करा म्हणजे रॅम वाढेल, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. ती कमाल मर्यादा आहे. तिने रॅम फक्त कमी होऊ शकते, म्हणून खूण असेल तर काढा. 'रॅम बूस्टर' म्हणून मिळणारे प्रोग्रॅमही एका बाइटला नवा पत्ता देऊ शकत नाहीत. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

कारण ३२-बिट सिस्टिमच निघालं आणि प्रोसेसर ६४-बिट असेल, तर ६४-बिट विंडोज टाका. जुन्यावर ती चढवता येत नाही, कोरी बसवावी लागते. म्हणून आधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.