जुवं वरून बघायचं म्हंजे

परवा चोडणला, म्हंजे मांडवीतल्या बेटावर, भाच्याकडे निघालो होतो. तो पणजीत कामाला, म्हणून रायबंदरच्या धक्क्यावरच भेटला आणि फेरीबोट पलीकडून यायची होती तेवढ्यात मोबाईल पुढे केला, "मामा, हा फोटो हेलिकॉप्टरमधून काढलाय का ड्रोनने, सांग बघू." स्क्रीनवर नेहमीचंच बेट, मधे हिरवा गोळा, भोवती पांढरी किनार, मग फिकट निळं आणि मग एकदम गडद निळं. मालदीव असेल नाहीतर पॅसिफिकमधलं कुठलंतरी. मी म्हटलं सांगता येत नाही, तर तो म्हणे, "मग आपलं चोडण वरून असं का नाही दिसत? आणि चोडणचे, दिवाडीचे वरून काढलेले जुने फोटो का बघायला मिळत नाहीत?" तेवढ्यात बोट लागली, स्कूटर आत घालायची घाई, विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

आता आपल्याकडे बेट हा काही लांबचा विषय नाही. कोकणीत जुंवें म्हंजे बेटच, कुंभारजुवे म्हंजे कुंभारांचं बेट, सांत इस्तेवचं जुनं नाव जुवे, आणि अख्खी तिसवाडी हेच मुळात एक बेट आहे, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुवारी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज तर या तालुक्याला सरळ 'इल्याश' म्हणायचे, म्हंजे बेटं. पण पणजीच्या बाजारात उभं राहून कोणाला वाटतं का की आपण बेटावर आहोत? ते वरूनच कळतं.

आणि वरून बघायची हौस हेलिकॉप्टरपेक्षा खूप म्हंजे खूपच जुनी. यान हायखेन फान लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपच्या पदरी सेक्रेटरी म्हणून. परत गेल्यावर त्याने जे प्रवासवर्णन छापलं त्यात गोव्याच्या बेटाचा आणि शहराचा मोठा नकाशा आहे, आणि तो घारीच्या नजरेतून काढलाय, चर्च, रस्ते, बाजार, सगळं तिरकं वरून. आता हा माणूस काही उडाला नव्हता. जमिनीवर फिरून, मोजून, विचारून त्याने डोक्यातल्या डोक्यात स्वतःला वर नेलं. मला तो नकाशा बघताना दर वेळी हेच वाटतं, की चित्राची मागणी आधी होती, यंत्र तीनेकशे वर्षांनी आलं. आणि मागणी कोणाची, तर व्यापारी आणि आरमारवाल्यांची. टूरिस्ट कुठेच नव्हता.

यंत्राची गोष्ट फ्रान्समधे सुरू होते. नादार हा पॅरिसचा नावाजलेला फोटोग्राफर, १८५८ मधे तो दोरीने बांधलेल्या बलूनमधून वर गेला आणि वरून पहिला फोटो काढला. सुरवातीला काचा नुसत्या काळ्या निघायच्या. त्या काळी ओली काच वापरायचे, म्हंजे लेप लावायचा, ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, त्यामुळे डार्करूम पण बलूनच्या टोपलीतच. नंतर लक्षात आलं की बलूनमधून सुटणारा गॅसच काचा खराब करतोय, मग त्याने बलूनचं तोंड बंद करून फोटो घेतला. तो फोटो आज नाही. आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना म्हंजे जेम्स वॉलेस ब्लॅकने १८६० मधे बलूनमधूनच काढलेला बॉस्टनचा. पुढे पतंगाला कॅमेरा बांधून झालं, एका जर्मन औषधवाल्याने तर कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधले आणि १९०८ मधे त्याचं पेटंटही मिळवलं. ड्रोनवाल्या पोरांनी त्या कबुतरांना एकदा तरी नमस्कार करावा.

पण बेटांचं वरून फोटो काढणं गंभीर झालं ते लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधली अनेक बेटं अमेरिकनांनी उतरायच्या आधी विमानातून टिपली. तारावाचं उदाहरण बघा, नोव्हेंबर १९४३. तिथलं बेतियो बेट जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर लांब. जपान्यांनी संडास पाण्यावर खांब रोवून बांधले होते, तर फोटोत ते संडास मोजून, एका संडासाला किती माणसं असा हिशोब लावून, बेटावर किती सैन्य आहे याचा अंदाज काढला गेला आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघाला! मग चुकलं कुठे, तर पाण्यात. प्रवाळाच्या कड्यावर नक्की किती पाणी असेल ते कळलं नाही, उतरायच्या बोटींना साधारण चार फूट पाणी लागायचं, भरती कमी पडली, बोटी कड्यावर अडकल्या आणि सैनिक शेकडो यार्ड छातीभर पाण्यातून गोळीबारात चालत गेले. तीन-चार दिवसांत हजारापेक्षा जास्त अमेरिकन मेले. म्हंजे आज आपण ज्या फिकट निळ्या पट्ट्याला लाईक मारतो तो पट्टा म्हंजे उथळ पाणी, आणि ते किती उथळ हे फोटोवरून ओळखणं हा तेव्हा जिवाचा प्रश्न होता.

१९४६ मधे बिकिनी बेटांवर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा तर माणूस नसलेली, रेडिओवर चालणारी बी-१७ विमानं स्फोटाच्या ढगात पाठवली होती. पायलटशिवाय बेटावरून उडणारं यंत्र काही आपल्या भाच्याच्या पिढीने शोधलेलं नाही.

मग हेलिकॉप्टर. इगोर सिकोर्स्कीचं व्हीएस-३०० सप्टेंबर १९३९ मधे पहिल्यांदा जमिनीवरून उचललं, तेही दोरीने बांधलेलं. बेल ४७ ला मार्च १९४६ मधे नागरी वापराचा परवाना मिळाला, तेच ते काचेच्या फुग्यासारखं तोंड असलेलं. फोटोवाल्यांना यात काय मिळालं तर विमान थांबू शकत नाही आणि हे थांबतं. विमानाचा पंख फ्रेममधे येतो, याला पंख मधे येत नाही. खाली उतरून, तिरकं होऊन, एका बेटाभोवती गोल फिरून हवा तो कोन मिळतो. सर्व्हेवाले विमानातून सरळ खाली बघत फोटो घेतात, एका फोटोतला साठेक टक्के भाग पुढच्या फोटोत परत यावा असे, म्हंजे दोन फोटो जोडून उंचसखल दिसतं. त्यातून नकाशा होतो. पण बेट बघून 'अहाहा' वाटायला तिरका फोटो लागतो, क्षितिज थोडं दिसायला लागतं. ते काम हेलिकॉप्टरचं.

भानगड एकच, ते थरथरतं. दार काढून टाकतात, फोटोवाला पट्ट्याने बांधलेला, कॅमेरा दोरीला, खिशात काही म्हंजे काही ठेवायचं नाही कारण उडालं तर मागच्या पंख्यात जाईल. शटर हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे हाताचं कोपर हेलिकॉप्टरच्या कुठल्याच भागाला टेकवायचं नाही, सगळी थरथर अंगानेच झेलायची. त्यात आपल्यासारख्या दमट गरम हवेत अजून एक त्रास, गरम हवा विरळ आणि दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे एका जागी तरंगायला इंजिनाला जास्त जोर काढावा लागतो. आपल्याला उलटंच वाटतं ना, मे महिन्यात हवा कशी जड झालीय असं सगळेच म्हणतात, पण हेलिकॉप्टरच्या लेखी ती हलकी.

सिनेमावाल्यांनी या थरथरीवर उपाय शोधले. फ्रेंच दिग्दर्शक आल्बेर लामोरीसने स्वतःची एक पद्धत बसवली, आणि १९७० मधे इराणमधे शूटिंग करताना हेलिकॉप्टर कोसळूनच तो गेला. १९६०च्या दशकात नेल्सन टायलरचं कॅमेरा तोलून धरणारं माउंट आलं, पुढे जायरोने स्थिर राहणारे गोळे आले, हेलिकॉप्टरच्या नाकाखाली लटकणारे, कॅमेरा त्या गोळ्यात आणि माणूस आत स्क्रीनसमोर. आज साध्या ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरा स्थिर धरणारा जो गिंबल असतो तो याच घराण्यातला.

या सगळ्यात माझा आवडता फोटो १९९० चा. यान आर्त्युस-बेर्त्रां या फ्रेंच फोटोग्राफरने न्यू कॅलेडोनिया बेटावर, व्होह गावाजवळ हेलिकॉप्टरमधून काढलेला. खारफुटीच्या जंगलात मधेच एक मोकळी जागा, हुबेहूब बदामाच्या आकाराची. आता ती कोणी कापलेली नाही, जमीन इतकी खारी की तिथे झाडं नीट वाढली नाहीत. म्हंजे बघा, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बेट-फोटोंपैकी एकात ना पांढरी वाळू ना निळं पाणी, नुसता चिखल आणि खारफुटी. आपल्याकडे काय कमी आहे त्याची?

इथे भाच्याच्या 'चोडण असं का नाही दिसत' या प्रश्नाचं उत्तर येतं. ते निळं बेट निळं का, तर पाणी लाल रंग लवकर शोषून घेतं, निळा खोलवर जातो, आणि खाली प्रवाळाची पांढरी वाळू असली की तोच उजेड परत वर येतो. म्हणून असे फोटो सकाळच्या सुंदर उन्हात नाही तर ऊन चांगलं वर चढल्यावर घेतात, लेन्सवर पोलरायझर लावून पाण्यावरची चमक मारतात. आपल्या देशात असं बघायचं तर लक्षद्वीप. चोडण, दिवाडी ही नदीतली बेटं, मांडवी घाटातून लाल माती घेऊन येते, पावसात तर नुसता चहा वाहतो, तळ दिसायचा प्रश्नच नाही. समुद्रातलं ग्रांद बेट आहे वास्कोच्या समोर, पण तिथलं पाणीसुद्धा थंडीच्या दिवसांतच जरा निवळतं.

आणि जुने फोटो का नाहीत, याचं उत्तर दाबोळीच्या विमानतळावर आहे. धावपट्टी पोर्तुगीजांची, १९५०च्या दशकातली. १८ डिसेंबर १९६१ ला हवाईदलाच्या कॅनबेरा विमानांनी ती फोडली, दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला आणि १९६२ मधे विमानतळ नौदलाकडे गेला, आजही नौदलाचा तळ आयएनएस हंसा तिथेच. म्हंजे गोव्याच्या आभाळात हेलिकॉप्टर कमी नव्हती, शेजारच्या बोगमाळोला लहानपण काढलेल्या कोणालाही विचारा, चेतक हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून पोरं सांगायची कुठे चाललंय ते. पण ती नौदलाची. उडत्या विमानातून फोटो काढायला परवानगी लागते हा नियम १९३७ च्या विमान नियमांपासूनचा, आणि हवाई फोटोग्राफी म्हटली की संरक्षण खात्याचा शिक्का आलाच. लष्करी विमानतळाच्या शेजारी कॅमेरा घेऊन भाड्याच्या हेलिकॉप्टरमधून कोण फिरणार, आणि खर्च कोण करणार? अंजदीवचं तर विचारूच नका. कारवारसमोरचं हे बेट अजूनही गोव्याचं, नोव्हेंबर १९६१ मधे तिथूनच पोर्तुगीजांनी साबरमती बोटीवर गोळीबार केला होता, आणि आता ते पूर्ण नौदलाच्या ताब्यात. खरोखर समुद्रातलं, फोटोत शोभेल असं बेट, पण कॅमेरा तिकडे वळवायची सोय नाही.

त्यामुळे आपल्या बेटांचं वरून दर्शन सामान्य माणसाला झालं ते थेट २००५ नंतर, गूगल अर्थवर. हेलिकॉप्टरचा टप्पा आपल्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही, नकाशावरून उडी मारली ती एकदम सॅटेलाईटवर. मग ड्रोन आले, ऑक्टोबर २०१४ मधे डीजीसीएने, म्हंजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, नागरी ड्रोन बंदच केले, तरी लग्नांमधे ते गुणगुणत होतेच म्हणा. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे पाडले, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाभोवती पाच किलोमीटर लाल. आपल्याकडे दाबोळी आहेच, २०२३ पासून वर मोपाही सुरू झाला, एवढ्याशा राज्यात दोन मोठे विमानतळ, त्यामुळे आधी डिजिटल स्काय या सरकारी साईटवरचा ड्रोनचा नकाशा उघडून बघा आणि मगच बॅटरी चार्ज करा. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी वेगळी.

आणि वरून दिसतं काय? खाजनं. खारं पाणी अडवणारे मातीचे बांध, आतले चौकोन, पोयीचं म्हंजे आतल्या तळ्याचं पाणी, खाऱ्या मातीत येणाऱ्या कोरगुट भाताचे हिरवे तुकडे, मधे मानशी, ओहोटीला आपोआप उघडणारी आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने बंद होणारी लाकडी दारं. सपाट उन्हात यातलं काहीच उठत नाही, इथे सकाळी सातचं आडवं ऊन पाहिजे, बांधांच्या सावल्या पडल्या की मग बेट कसं बांधलंय ते दिसतं. हो, बांधलंय, ही बेटं निम्मी माणसांनी घडवलेली आहेत. दिवाडीचा बोंदेरा माहीत असेलच, ऑगस्टमधला, झेंड्यांचा. तो म्हणे वाड्यांच्या हद्दीच्या भांडणातून आला, पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे लावायचे आणि लोकांनी ते पाडायचे. ज्या हद्दींवरून एवढी मारामारी झाली त्या वरून बघितल्या तर गवत उगवलेल्या मातीच्या बारीक रेघा.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणतो, "मामा, मग आपलं चोडण चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं दिसणार." म्हटलं दिसू दे. नोव्हेंबरात, भात पिवळं पडायला लागलं की सकाळची पहिली फेरी पकडून येतो म्हटलंय, परवानग्यांचं तेवढं त्याने बघायचं.