खूण सापडली नाही म्हणजे फोटो खरा?

‘एआयने बनवलेल्या प्रत्येक फोटोत छुपी खूण असते, ती सापडली नाही तर फोटो अस्सल समजा,’ असा मेसेज बरेच दिवस फिरतोय. काही फोटोंत खूण असते खरी, म्हणूनच बाकीचंही पटकन पटतं.

खुणेचा एक प्रकार डिजिटल सहीचा. फाइलवरून गणिताने एक ठसा, म्हणजे हॅश, काढतात आणि गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने, त्यावर सही करतात. तिच्या जोडीच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या जाहीर किल्लीने ती सही कुणालाही पडताळता येते. एक पिक्सेल बदलला तरी ठसा जुळत नाही. व्यवस्था भक्कम आहे, पण सही जोडलेली असते फाइलला, चित्राला नव्हे. स्क्रीनशॉट काढला की नवी फाइल, सही गायब. घरी करून बघा: मोबाइलने काढलेल्या फोटोचे तपशील उघडा, कॅमेऱ्याचं मॉडेल, एक्स्पोजर वगैरे दिसेल. मग त्याच फोटोच्या स्क्रीनशॉटचे तपशील बघा. त्यातलं काही उरलेलं नसतं. सहीही अशीच गळते.

दुसरी खूण पिक्सेलमध्येच मुरवलेली. ती स्क्रीनशॉटमध्येही बरेचदा तगते, पण सहसा ज्यांनी घातली त्यांच्याच तपासणीत ओळखू येते. शिवाय स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारी, चित्रं बनवणारी मोफत एआय मॉडेल्स आहेतच. तिथे खूण ठेवायची की काढायची, हे चालवणाऱ्याच्या हातात.

एआयने लिहिलेल्या मजकुराचं आणखी अवघड. तिथे गुप्त किल्लीनुसार काही शब्दांना किंचित झुकतं माप देतात; दोन ओळींच्या फॉरवर्डमध्ये तो कल मोजण्याइतके शब्दच नसतात.

खूण नसलेल्या फोटोसाठी रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे तोच फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधा, आणि तो सर्वात आधी कुठे, कोणत्या तारखेला आला ते बघा.